आग विझल्यानंतर कोण थांबतं?

वटपौर्णिमेला दरवर्षी मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वडाशी जाते. माझा त्या पूजेवर विश्वास किती, हे विचारायचं माझ्या लेकीने आता सोडून दिलंय. मला त्या निमित्ताने चार जणी भेटतात, सावलीत दहा मिनिटं उभं राहता येतं, तेवढं पुरे होतं. तर या आपल्या वडाचा एक भाऊबंद पार पॅसिफिक महासागरात, हवाई बेटांवर आहे, हे मला २०२३ च्या ऑगस्टमध्ये पेपर वाचताना कळलं. कळलं तेही तो जळाल्याची बातमी आली म्हणून.

हवाई हे अमेरिकेचं राज्य. त्यातल्या माउई बेटावर लाहैना नावाचं गाव आहे. हवाईच्या राजांची ही एकेकाळची राजधानी. तिथे २४ एप्रिल १८७३ ला भारतातून आणलेलं आठ फुटी वडाचं रोप लावलं गेलं. त्याच्या पारंब्या सरळ खाली याव्यात म्हणून लोक पाण्याने भरलेल्या बरण्या त्यांच्या टोकांना बांधत, असं सांगतात. बघता बघता वड अख्ख्या चौकावर पसरला. त्याच्याखाली बाजार भरायचे, लग्नं लागायची, म्हातारी माणसं गप्पा मारत बसायची. २०२३ च्या एप्रिलमध्ये गावाने त्याचा दीडशेवा वाढदिवस साजरा केला आणि पुढच्या चारच महिन्यांत, ८ ऑगस्टला, गाव जळून गेलं.

सकाळी तुटलेल्या वीजतारांमुळे वाळक्या गवताला आग लागली होती. अग्निशमन दलाला वाटलं, विझली. दुपारी सोसाट्याच्या वाऱ्याने ती पुन्हा भडकली आणि तासाभरात गावात शिरली. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. १०२ माणसं गेली, त्यातली बहुतेक साठीच्या पुढची. दोन हजारांहून जास्त इमारती गेल्या आणि सुमारे बारा हजार माणसं बेघर झाली. अमेरिकेत शंभर वर्षांत वणव्यात एवढी माणसं मेली नव्हती.

त्या गवताचीही एक गोष्ट आहे. लाहैनाभोवती पूर्वी उसाचे मळे होते. १९९९ मध्ये तिथला साखर कारखाना बंद पडला. मळे ओस पडले, पाणी द्यायचं थांबलं आणि तिथे बाहेरून आलेलं उंच गवत माजलं. उन्हाळ्यात ते वाळून कोळ होतं. ऊस गेल्यावर जमिनीकडे कोणी बघितलं नाही, त्याची किंमत गावाने मोजली. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण मला आज लिहायचंय ते आगीबद्दल नाही. आग एक दिवसाची असते. त्यानंतर मदत येते, आणि ती मदत नेमकी काय करते, कुणाच्या हातात पडते, किती दिवस टिकते, हा प्रश्न मला गेली काही वर्षं छळतोय. त्याला कारण माझंच एक गाठोडं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, तेव्हा आमच्या महिला मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये कपडे गोळा केले. मीही कपाट आवरलं. नेसून कंटाळा आलेल्या सात-आठ साड्या, लेकीचे तोकडे झालेले ड्रेस, ह्यांचा एक कोट. गाठोडं बांधताना किती बरं वाटलं म्हणून सांगू! दीड महिन्याने सांगलीला माझ्या चुलत नणंदेकडे गेले. तिचं तळमजल्याचं घर छताला टेकेपर्यंत पाण्यात होतं. तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कपड्यांचा ढीग भिजून, कुजून पडलेला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "वहिनी, साड्या नकोत हो आम्हाला. साडीखाली परकर लागतो, ब्लाउज लागतो, ते कोण पाठवतंय? पोरींना पॅड मिळेनात. आणि हा ढीग उचलायला नगरपालिकेची माणसं दोन दिवस खपली, तेवढ्यात आमच्या घरातला गाळ निघाला असता."

ती चिडलेली नव्हती, दमलेली होती. मी मान खाली घातली. तेव्हापासून जगात कुठेही आपत्ती आली, की नंतर तिथे मदतीचं काय झालं हे मी शोधून शोधून वाचते. वणव्यांबद्दल तर जास्तच, कारण वणव्यात काहीच उरत नाही. पुराच्या पाण्यातून निदान पितळेची भांडी धुऊन घेता येतात.

कपड्यांच्या ढिगाचं म्हणाल तर आपण एकट्याच नाही. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरिया राज्यात भयंकर वणवे लागले. तो दिवस तिथे 'ब्लॅक सॅटर्डे' म्हणून ओळखला जातो. १७३ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त घरं जळली. सगळा देश हळहळला आणि देशाने घरातलं सामान पाठवलं. किती? तिथल्या सरकारी नोंदीप्रमाणे चाळीस हजारांहून जास्त पॅलेट. पॅलेट म्हणजे मालाच्या थप्पीखाली ठेवतात ती लाकडी चौकट. अशा चाळीस हजार थप्प्या! त्या ठेवायला पन्नास हजार चौरस मीटरपेक्षा जास्त गोदाम लागलं. ते निवडायला, वाटायला पगारी माणसं आणि दीड हजार स्वयंसेवक लावावे लागले. आगीत होरपळलेल्यांसाठी आलेली मदत सांभाळणं हेच एक मोठं काम होऊन बसलं. त्यानंतर तिथल्या सरकारने देशभरासाठी दानातल्या वस्तूंबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा सूर साधा आहे: शक्यतो पैसे द्या, वस्तू मागितली असेल तरच पाठवा.

का पैसे? कारण घर जळालेल्या बाईला उद्या सकाळी काय लागणार, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. एकीला चष्मा हवा असतो, दुसरीला सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या, तिसरीला कामावर जायला स्कूटर. आणि ती वस्तू तिने जवळच्या दुकानातून घेतली, तर त्या दुकानदाराचीही चूल पेटते. गावोगावहून फुकट आलेला माल मात्र त्याचा उरलासुरला धंदाही बसवतो.

मग पैसे दिले की प्रश्न मिटला? तसंही नाही. ऑस्ट्रेलियाचीच आणखी एक गोष्ट सांगते. २०१९-२० च्या उन्हाळ्यात तिथे पुन्हा प्रचंड वणवे लागले. (त्यांचा उन्हाळा आपल्या डिसेंबर-जानेवारीत.) सेलेस्ट बार्बर नावाची एक विनोदी अभिनेत्री आहे. तिच्या सासूचं घर ईडन या गावी. आग त्या गावापर्यंत येऊन भिडलेली. सुनेने फेसबुकवर लोकांना मदतीची हाक दिली. तीस हजार डॉलर जमले तरी खूप, असा तिचा अंदाज. जमले ५ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर! जगभरातल्या लाखो लोकांनी पाच-पाच, दहा-दहा डॉलर टाकले.

आता गंमत, खरं तर शोकांतिका, अशी की तिने ते पैसे न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या ट्रस्टच्या नावे मागितले होते. रक्कम फुगत गेली तशी तीही सांगू लागली, की यातले पैसे घरं गेलेल्यांना देऊ, दुसऱ्या राज्यांना देऊ, होरपळलेल्या प्राण्यांसाठी देऊ. देणाऱ्यांनाही तसंच वाटत होतं. पण ट्रस्टच्या कागदावर उद्देश लिहिला होता तो अग्निशमन दलाच्या खर्चाचा: साधनं, प्रशिक्षण वगैरे. प्रकरण कोर्टात गेलं. २०२० च्या मे महिन्यात न्यायालयाने सांगितलं, की देणाऱ्यांच्या मनात काय होतं यावर नव्हे, तर ट्रस्टच्या कागदावर काय आहे यावर पैसा खर्च होईल. जखमी जवान, मृत जवानांची कुटुंबं, त्यांचं समुपदेशन यांना पैसे देता येतील, पण घर जळालेल्या शेजाऱ्याला किंवा दुसऱ्या संस्थेला देता येणार नाहीत.

यात कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही. सुनेची तळमळ खरी, देणाऱ्यांची दया खरी, आगीशी झुंजणाऱ्या स्वयंसेवकांना साधनं लागतात हेही खरंच. पण पैसा एका दारातून आत गेला आणि दुसऱ्या दारातून बाहेर येईना. आपण भिशीचा हिशोब पैशापैशाने ठेवतो, पण दान देताना मात्र 'कुणाच्या नावे आणि कशासाठी' हे दोन शब्द वाचत नाही.

आता परत लाहैनाला जाऊ. कारण तिथे मदतीचे तीन-चार वेगवेगळे रस्ते एकाच वेळी दिसले.

पहिले काही दिवस गावाकडे येणारा रस्ता बंद होता. सरकारी गाड्यांची वाट न बघता बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या लोकांनी स्वतःच्या होड्यांमधून पाणी, डिझेल, औषधं, तान्ह्या मुलांचं सामान किनाऱ्यावर उतरवलं. मैदानांत, घरांच्या अंगणांत वाटपाची केंद्रं उभी राहिली. माउईच्या कॉलेजात पाककलेच्या विभागात बेटावरचे आचारी आणि विद्यार्थी एकत्र येऊन रोज हजारो जणांचं जेवण रांधत होते. शेजाऱ्याची मदत सगळ्यात आधी पोचते, कारण तिला रस्ता ठाऊक असतो. ऑस्ट्रेलियातही २०१९ च्या डिसेंबरअखेर बेर्न्सडेल गावात शीख स्वयंसेवक आपली जेवणाची गाडी घेऊन पोचले, गावातल्या एका शीख जोडप्याने आपल्या हॉटेलचं स्वयंपाकघर उघडून दिलं आणि गोऱ्या शेतकऱ्यांना गरमागरम आमटी-भात वाढला गेला. जे आपल्याला उत्तम येतं, तेच त्यांनी केलं.

दुसरा रस्ता मोठ्या निधीचा. 'हवाई कम्युनिटी फाउंडेशन' या जुन्या संस्थेच्या 'माउई स्ट्राँग' निधीत सुमारे २० कोटी डॉलर जमले, म्हणजे आपले सोळाशे कोटी रुपयांच्या वर. ही संस्था घराघरात पैसे वाटत नाही. ती स्थानिक संस्थांना अनुदान देते. तिने ठरवलं, की सगळा पैसा पहिल्या महिन्यात उधळायचा नाही. काही लगेच, काही स्थिरावण्यासाठी, काही घरं उभी राहीपर्यंत. यावर टीका झाली. माणसं हॉटेलच्या खोल्यांत बसलेली आणि तुम्ही पैसे धरून काय बसता? टीका करणाऱ्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण थोडा विचार केला, की संस्थेचंही पटतं. लग्नघरातली जाणती बाई सगळा किराणा पहिल्या दिवशी संपवत नाही.

तिसरा रस्ता थेट हातात पैसे देण्याचा. ओप्रा विनफ्री आणि नट ड्वेन जॉन्सन यांनी मिळून एक निधी काढला. दोघांनी मिळून आपले एक कोटी डॉलर घातले आणि लोकांना आवाहन केलं. लोक भडकले. एवढ्या श्रीमंतांनी आम्हाला पैसे मागावेत? हा राग समजण्यासारखा आहे. तरी त्या निधीने केलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घर गेलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाला त्यांनी सहा महिने दर महिन्याला १,२०० डॉलर दिले. त्या वेळच्या दराने साधारण एक लाख रुपये. तिथल्या घरभाड्यांपुढे ही रक्कम मोठी नव्हे. आठ हजारांहून जास्त लोकांना मिळून सुमारे सहा कोटी डॉलर वाटले गेले.

मैत्रिणींनो, 'प्रत्येक सज्ञान माणसाला' हे शब्द पुन्हा वाचा. 'प्रत्येक कुटुंबाला' नव्हे, 'घराच्या मालकाला' नव्हे. लाहैनात भाडेकरूंची संख्या मोठी. सुमारे चाळीस टक्के लोक फिलिपिनो वंशाचे, त्यातल्या कितीतरी बायका हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या. एकेका घरात आजी-आजोबा, मुलगे, सुना, नातवंडं अशी आपल्यासारखीच एकत्र कुटुंबं. विम्याचा चेक येतो तो मालकाच्या नावे. कुटुंबाची मदत येते ती कर्त्या पुरुषाच्या नावे. इथे मात्र सासूलाही तिचे मिळाले, सुनेलाही तिचे. आपत्तीत बाईच्या स्वतःच्या खात्यात पडलेल्या पैशाला काय किंमत असते, हे ज्यांनी नवऱ्यापुढे भाजीपाल्यासाठी हात पसरलाय त्यांना विचारा.

चौथा रस्ता सगळ्यात लांबचा, घराचा आणि जमिनीचा. राख थंड व्हायच्या आत बाहेरच्या दलालांचे फोन सुरू झाले होते: जमीन विकताय का? ज्याच्याकडे विमा अपुरा, नोकरी गेलेली, कर्जाचे हप्ते चालूच, तो किती दिवस नाही म्हणेल? आणि माउई हे पर्यटकांचं बेट. घरं पाहुण्यांना रोजाच्या भाड्याने देण्यात जास्त पैसा. म्हणजे घरं आहेत, पण बेघर झालेल्यांसाठी नाहीत. 'लाहैना स्ट्राँग' नावाच्या स्थानिक गटाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये श्रीमंत हॉटेलांसमोरच्या समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकले. किनाऱ्यावर मासेमारीचा हक्क हवाईत सगळ्यांना आहे. तेव्हा आम्ही गळ टाकून बसलोय, म्हणाले. मासेही आणि घरंही पकडू!

त्याच वेळी गावातल्या लोकांनी एक जमीन-ट्रस्ट काढला: 'लाहैना कम्युनिटी लँड ट्रस्ट'. त्याचं काम असं. ज्याला विकल्यावाचून गत्यंतर नाही, त्याची जागा ट्रस्ट विकत घेतं, म्हणजे ती गावाच्याच माणसांसाठी राहते. ज्याला परत बांधायचंय पण विम्याचे पैसे कमी पडतात, त्याला भर घालतं आणि त्या बदल्यात पुढे कधी विकायची वेळ आली तर घर बाहेर जाऊ नये अशी अट घालून ठेवतं. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटली. दान म्हणजे ब्लँकेट, दान म्हणजे डाळ-तांदूळ, एवढंच आपल्या डोक्यात असतं. गावाची जमीन गावात ठेवणं हेही दान असू शकतं, हे मला लाहैनाने शिकवलं.

घर नसणं म्हणजे काय असतं, हेही जरा बघू. एका टप्प्यावर सुमारे आठ हजार माणसं रेड क्रॉस आणि सरकारने घेतलेल्या हॉटेलांच्या खोल्यांत राहत होती. बाहेरून वाटेल, वा, समुद्रकाठचं हॉटेल! पण हॉटेलच्या खोलीत चूल नसते. मुलाला ताप आला तर पेज कुठे करणार? आज या हॉटेलात, महिन्याने दुसऱ्या, कधी तिसऱ्या. सहा माणसांच्या कुटुंबाला दोन खोल्या, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर असल्या तर आजारी सासूकडे रात्री कोण बघणार? या प्रश्नांचं उत्तर प्रत्येक देशात एकाच माणसाकडे असतं, आणि ती त्या घरातली बाई असते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बरोबर वर्षाने, वीज कंपनी, राज्य सरकार आणि इतरांनी मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची भरपाई द्यायची तडजोड जाहीर झाली. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण कोर्ट, वकील, विमा कंपन्या यांच्यातून असा पैसा माणसाच्या हातात पडायला पुढे आणखी काळ जातो. आग लागल्यापासून भरपाई मिळेपर्यंतचा जो लांबलचक काळ असतो, त्यात माणूस तगवून धरणं हे सेवाभावी संस्थांचं खरं काम. आणि नेमक्या त्याच काळात कॅमेरे निघून गेलेले असतात. हवाई विद्यापीठाने वाचलेल्या लोकांची पाहणी केली तेव्हा जवळजवळ निम्म्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाने ब्लॅक सॅटर्डेनंतर दहा वर्षं अभ्यास केला. जास्त झळ बसलेल्या गावांत दहा वर्षांनंतरही साधारण पाचातल्या एकाला मानसिक त्रास होता. आणि ज्यांचं गावातल्या एखाद्या गटात, क्लबात, मंडळात येणंजाणं होतं, ते तुलनेने बरे सावरले होते. म्हणजे आपली भजनी मंडळं, हळदीकुंकू, बचतगटाच्या बैठका यांची जे चेष्टा करतात, त्यांना हे एकदा वाचून दाखवायला हवं.

आता एक अवघड विषय. तो टाळून या पानावर लिहिण्यात अर्थ नाही.

ब्लॅक सॅटर्डेनंतर व्हिक्टोरियातल्या एका महिला आरोग्य संस्थेतर्फे डेब्रा पार्किन्सन आणि क्लेअर झारा या दोघी संशोधकांनी वणव्यातून वाचलेल्या तीस स्त्रियांशी आणि मदतकार्यातल्या सत्तेचाळीस कार्यकर्त्यांशी बोलणं केलं. त्या तिसातल्या निम्म्याहून जास्त जणींच्या बोलण्यात आगीनंतर घरात झालेली मारहाण, छळ होता. काहींच्या घरी तो आधीपासून होता, तो वाढला. काहींच्या घरी पूर्वी कधीच नव्हता. त्या बोलल्या का नाहीत? कारण नवरा आगीशी झुंजलेला, गावाचा हीरो. कारण त्याने काय काय पाहिलंय, तो बिचारा हादरलाय. कारण शेजारणीचं मूल गेलंय, मग आपण आपलं रडगाणं कुठे गायचं? पोलिसांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांचा सूर तोच: थोडं सोसा, दिवस जातील.

'थोडं सोस', हे वाक्य इंग्रजीत बोललं काय आणि मराठीत बोललं काय, वजन तेवढंच! मदतीच्या याद्यांमध्ये तंबू असतात, औषधं असतात. पण जिला रात्री त्या तंबूतून पळून जायचंय, तिच्यासाठी जागा किती याद्यांमध्ये असते? त्या अभ्यासानंतर व्हिक्टोरियात आपत्ती व्यवस्थापनाच्या बोलण्यात निदान हा विषय आला, आणि तो बायकांनी आणला.

तिथल्याच किंगलेक परिसरातल्या बायकांनी 'फायरफॉक्सेस' नावाचा गट काढला. सुरुवात अगदी साधी. काळ्या पडलेल्या डोंगरांतून, घर-विमा-अर्ज या चक्रातून एक दिवस बाहेर पडायचं, एकत्र यायचं, हसायचं. हळूहळू त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या आणि पुढे दुसऱ्या आपत्तीग्रस्त भागांतल्या लोकांनाही अनुभव सांगू लागल्या. त्याच वणव्यात किलमोर ईस्टच्या केव्हिन आणि र्‍होंडा बटलर या शेतकरी जोडप्याची कुंपणं जळाली. कुंपण नाही तर मेंढरं मोकाट. त्यांनी लोकांना हाक दिली, माणसं आली, कुंपण झालं; मग ती माणसं शेजाऱ्याचं कुंपण बांधायला गेली. त्यातून 'ब्लेझएड' ही संस्था उभी राहिली. आजवर आगीत आणि पुरात सापडलेल्या किती शेतकऱ्यांची कुंपणं तिने बांधून दिली! निवृत्त झालेले नवरा-बायको मैदानात गाडी लावून आठवडेच्या आठवडे राहतात. दिवसा तारा ओढायच्या, संध्याकाळी त्या शेतकऱ्याबरोबर चहा प्यायचा. कुंपण जितकं महत्त्वाचं, तितकाच तो चहा.

हे सगळं परक्या देशात घडतं, असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या (आता धाराशिव) गावांत 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायकांना पुढे आणलं. 'संवाद सहायक' म्हणून त्या सरकार आणि गाव यांच्यामधला दुवा झाल्या. ज्या कधी ग्रामपंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या भूकंपात टिकणारं बांधकाम कसं हवं ते गवंड्याला विचारू लागल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. लाहैना असो, किंगलेक असो, किल्लारी असो, जिथे मदत घेणाऱ्यांनाच ठरवू दिलं तिथे ती मुरली. जिथे वरून ओतली, तिथे बरीचशी वाहून गेली.

मग आपण काय करायचं? दूरच्या वणव्यासाठी आपल्याकडून पैसे जातील असं नाही, पण पूर, दरड, दुष्काळ, झोपडपट्टीची आग हे तर आपल्या दाराशी आहे. मी स्वतःपुरते काही नियम केलेत. न मागितलेला कपडा पाठवायचा नाही; पाठवायचाच तर कोरा, पूर्ण जोड. पैसे देताना पावती मागायची, संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का बघायचं, आणि निधी कुणाच्या नावे, कशासाठी, हे वाचायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या खातेक्रमांकावर भावनेच्या भरात काही टाकायचं नाही. अशा वेळी लुबाडणारेही जागे असतात. त्या गावात आधीपासून काम करणारी संस्था शोधायची. विचारायचं, की बायकांच्या हातात थेट काय पोचतं? आणि सगळं पहिल्या आठवड्यात द्यायचं नाही. अर्धं बाजूला ठेवायचं, सहा महिन्यांनी द्यायचं.

यातला शेवटचा नियम पाळायला सगळ्यात कठीण आहे, कारण सहा महिन्यांनी आपल्याला आठवण राहत नाही. म्हणून मी कॅलेंडरवर लिहून ठेवते, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारीच. आता नणंदेला फोन करते तेव्हा 'काय पाठवू?' एवढंच विचारते आणि ती सांगेल ते लिहून घेते. गेल्या खेपेला तिने पैसे किंवा वस्तू काहीच मागितलं नाही. म्हणाली, "वहिनी, चार दिवस राहायला या."

आणि तो वड? आगीनंतर पानं तपकिरी होऊन लोंबत होती. सगळ्यांना वाटलं, गेला. झाडांची जाण असलेली स्थानिक माणसं पुढे आली. त्यांनी टँकरने पाणी घातलं, मुळांशी कंपोस्ट पसरलं, खोड जिवंत आहे का ते तपासत राहिली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, आगीनंतर पाचेक आठवड्यांनी, फांद्यांवर कोवळी हिरवी पालवी दिसली. सगळा वड वाचला नाही. मेलेला भाग कापावा लागला. पण उरलेला वाढतोय आणि ती माणसं अजून त्याला पाणी घालतायत.